दान्स माकाब्र (सॅं-सांस)

दान्स माकाब्र (अर्थ : मृत्यूचे नृत्य), ओपस ४०, ही फ्रेंच संगीतकार कामीय सॅं-सांस (१८३५–१९२१) यांची १८७४ मधील वाद्यवृंदरचना आहे. मध्यरात्री स्मशानात मृत्यू स्वतः व्हायोलिन वाजवतो, त्या सुरांवर थडग्यांतून उठलेले सांगाडे नाचतात आणि पहाटे कोंबडा आरवताच सारे पुन्हा जमिनीखाली परततात, हा या रचनेचा कथाभाग होय. सुमारे सात मिनिटांची ही रचना जी मायनर या स्वरश्रेणीत आणि वॉल्ट्झच्या तीन मात्रांच्या लयीत बांधलेली आहे. तिचा पहिला प्रयोग २४ जानेवारी १८७५ रोजी पॅरिसमध्ये एदुआर कोलोन यांच्या संचालनाखाली झाला. युरोप-अमेरिकेत ३१ ऑक्टोबरच्या हॅलोवीनच्या सुमारास वाजवल्या जाणाऱ्या भयसूचक संगीतात ही रचना अग्रक्रमाने गणली जाते.

पार्श्वभूमी

‘मृत्यूचे नृत्य’ ही कल्पना सॅं-सांस यांच्यापूर्वी साडेचारशे वर्षे युरोपीय चित्रकलेत रूढ होती. १३४७ ते १३५१ या काळात प्लेगच्या महामारीने युरोपातील लोकसंख्येचा फार मोठा भाग नष्ट केला. त्यानंतरही साथी आणि युद्धे चालूच राहिली. पॅरिसमधील ‘निष्पाप संतांचे स्मशान’ या नावाच्या दफनभूमीच्या भिंतीवर १४२४–२५ मध्ये या विषयावरील एक प्रसिद्ध भित्तिचित्र रंगवले गेले. सम्राट, धर्मगुरू, व्यापारी, शेतकरी आणि बालक अशा सर्व थरांतील माणसांचा हात धरून सांगाडे त्यांना नाचवत नेत आहेत, असे या चित्रप्रकाराचे स्वरूप असे. ती भिंत १६६९ मध्ये पाडण्यात आली, तथापि तोपर्यंत मुद्रित पुस्तकांद्वारे ही कल्पना सर्वत्र पोचली होती. जर्मन चित्रकार हान्स होल्बाइन यांची या विषयावरील काष्ठमुद्रा-चित्रे १५३८ मध्ये लिऑं येथे प्रसिद्ध झाली.

या चित्रांचा हेतू केवळ भय निर्माण करणे हा नव्हता. राजा आणि रंक दोघांनाही एकाच फेरात पाऊल टाकावे लागते, हे त्यांतील मुख्य सांगणे होते. जिवंतपणी ज्यांनी एकमेकांना स्पर्शही केला नसता, ते मृत्यूपुढे हातात हात घालून उभे राहतात.

काव्य व गीत

सॅं-सांस यांच्या रचनेचा प्रत्यक्ष आधार म्हणजे आंरी काझालिस (१८४०–१९०९) या फ्रेंच कवीची एक कविता. काझालिस व्यवसायाने वैद्य होते. कवितेत हिवाळ्याची काळोखी रात्र आहे, बोचरा वारा वाहतो आहे आणि टाचेने थडग्यावर ठेका धरून मृत्यू व्हायोलिन वाजवत आहे. नाचणाऱ्यांमध्ये एक उमराव स्त्री आणि एक गरीब गाडे घडवणारा कारागीर अशी जोडी दिसते. मृत्यूने सर्वांना समान केले, या उपरोधिक जयघोषाने कविता संपते. फ्रेंच राज्यक्रांतीने उद्घोषित केलेली समता स्मशानातच प्रत्यक्षात उतरते, असा तिचा रोख आहे.

१८७२ मध्ये सॅं-सांस यांनी ही कविता कंठ आणि पियानो यांसाठी गीतरूपात स्वरबद्ध केली. दोन वर्षांनी त्याच सामग्रीचा विस्तार करून त्यांनी वाद्यवृंदासाठी स्वरकाव्य रचले. स्वरकाव्य म्हणजे एखादी कथा, कविता वा दृश्य शब्दांवाचून केवळ वाद्यांद्वारे सांगणारी एकसंध रचना. हा प्रकार हंगेरियन संगीतकार फ्रांत्स लिस्ट यांनी रूढ केला. सॅं-सांस यांनी एकूण चार स्वरकाव्ये लिहिली, त्यांपैकी हे तिसरे. या नव्या रूपात गायकाचे स्थान एकल व्हायोलिनने घेतले. म्हणजे मृत्यूविषयी सांगणारा आवाज जाऊन मृत्यूचे स्वतःचे वाद्यच श्रोत्यासमोर आले.

रचनेचा प्रवास

आरंभी हार्पवर डी हा एकच स्वर बारा वेळा वाजतो. हे मध्यरात्रीचे टोले होत. जी मायनरमध्ये डी हा पंचम असल्याने या टोल्यांतून विश्रांतीची नव्हे, तर काही तरी पुढे येणार असल्याची जाणीव होते. बारावा टोला विरल्यावर एकल व्हायोलिनच्या दोन मोकळ्या तारा एकदम झणकारतात आणि कर्कश, अस्थिर असा स्वरसंयोग ऐकू येतो. मृत्यू आपले वाद्य जुळवून नाचाला आमंत्रण देत आहे, असा त्याचा अर्थ.

त्यानंतर दोन विषय येतात. पहिला फ्लूटवर सुरू होतो; तो चपळ आणि खेळकर आहे. दुसरा एकल व्हायोलिनवर येतो; उतरत्या स्वरपंक्तीचा हा विषय अधिक आर्त आहे. पुढे दुसऱ्या विषयाचा फ्यूग पद्धतीने विस्तार होतो, म्हणजे एका वाद्यसमूहाने सुरू केलेली चाल दुसरा समूह थोड्या अंतराने उचलतो आणि त्या एकमेकींत गुंतत जातात. नाचात एकेक सांगाडा सामील होत असल्याचा भास येथे होतो. दोन्ही विषय एकत्र येऊन वाद्यवृंद कमालीच्या आवेगाला पोचतो आणि त्याच क्षणी नाच तुटतो. ओबो या वाद्यावर कोंबड्याचे आरवणे ऐकू येते. एकल व्हायोलिन निरोपाची एक खिन्न ओळ वाजवते. शेवटी तंतुवाद्यांच्या तारा हलकेच छेडल्या जातात आणि रचना जवळजवळ नि:शब्दतेत संपते.

भयनिर्मितीची साधने

उतरवलेली तार

व्हायोलिनच्या चार तारा जी, डी, ए आणि ई या स्वरांत लावतात. लगतच्या कोणत्याही दोन तारांमध्ये षड्ज-पंचमाचे नाते असते. या रचनेत मात्र एकल वादकाने सर्वांत वरची ई तार अर्धा स्वर उतरवून ई फ्लॅटमध्ये लावावी, अशी सूचना आहे. परिणामी ए आणि ई फ्लॅट या दोन मोकळ्या तारांमध्ये सहा अर्धस्वरांचे अंतर उरते. हिंदुस्थानी संगीताच्या परिभाषेत सांगायचे तर ए हा षड्ज मानल्यास वरच्या तारेवर पंचमाऐवजी तीव्र मध्यम येतो. ज्या ठिकाणी कानाला सर्वांत सुसंवादी जोडीची अपेक्षा असते, नेमक्या त्याच ठिकाणी ती बिघडलेली आढळते. वाद्य जुळले आहे, पण मृत्यूच्या मापाने जुळले आहे, असा हा योजनाबद्ध बेसूर आहे.

पाश्चात्त्य संगीतात या अंतराला ट्रायटोन म्हणतात. त्यासाठी ‘संगीतातील सैतान’ असा लॅटिन शब्दप्रयोग अठराव्या शतकाच्या आरंभीच्या संगीतशास्त्रीय ग्रंथांत आढळतो. मध्ययुगीन चर्चने या स्वरांतरावर बंदी घातली होती, ही समजूत लोकप्रिय असली तरी तिला आधार नाही. ते गाण्यास अवघड आणि विसंवादी असल्याने रचनाकार ते टाळत, एवढेच म्हणता येते. एकोणिसाव्या शतकात ऑपेरा आणि स्वरकाव्ये यांमधून सैतान, शाप व मृत्यू यांच्या प्रसंगी ते पुन:पुन्हा योजले गेले आणि त्याचा भयाशी असलेला संबंध दृढ झाला.

हा संबंध स्वरात उपजत नसून बऱ्याच अंशी संस्कारातून येतो, हे भारतीय संगीताच्या उदाहरणावरून स्पष्ट होते. यमन रागात तानपुऱ्याच्या षड्जावर तीव्र मध्यम सतत येतो. त्याने श्रोता भयभीत होत नाही, उलट त्याला प्रसन्नता लाभते. पंडित विष्णु नारायण भातखंडे (१८६०–१९३६) यांच्या रागसमयविचारात मध्यमाला ‘अध्वदर्शक स्वर’ म्हटले असून तीव्र मध्यम सामान्यतः सायंकाळ व रात्र यांचा सूचक मानला आहे. रात्र दोन्हीकडे आहे, पण भय एकीकडेच आहे. सॅं-सांस यांच्या रचनेत ते केवळ त्या स्वरांतरातून येत नाही. आधीचे बारा टोले, दोन तारांवरील अचानक आघात आणि पंचमाचा झालेला अपेक्षाभंग या सर्वांच्या संयोगातून ते निर्माण होते.

झायलोफोन

सांगाड्यांच्या हाडांचा खडखडाट दाखवण्यासाठी सॅं-सांस यांनी झायलोफोन वापरला. लाकडी पट्ट्यांचे हे वाद्य त्या काळी मुख्यतः फिरत्या वादकांकडे असे. मैफलीच्या वाद्यवृंदात त्याचा जो आरंभीचा ठळक वापर झाला, त्यात या रचनेचा समावेश होतो. मृत्यूशी त्याचा संबंध मात्र जुना आहे. होल्बाइन यांच्या चित्रमालेतील वृद्धेच्या चित्रात एक सांगाडा अशाच प्रकारचे वाद्य वाजवताना दिसतो. पुढे १८८६ मध्ये ‘प्राण्यांचा कार्निव्हल’ या रचनेतील ‘जीवाश्म’ या भागात सॅं-सांस यांनी झायलोफोनवरील हीच चाल विनोदाने पुन्हा वापरली आणि आपल्याच रचनेला प्राचीन अवशेषांच्या रांगेत बसवले.

दीएस इरे

रचनेच्या मध्यभागी ‘दीएस इरे’ (क्रोधाचा दिवस) या लॅटिन स्तोत्राची चाल येते. तेराव्या शतकापासून ज्ञात असलेले हे स्तोत्र कॅथलिक पंथात मृतांसाठीच्या उपासनेत गायले जात असे. अंतिम न्यायाच्या दिवसाचे वर्णन हा त्याचा विषय. फ्रेंच संगीतकार बर्लिओझ यांनी १८३० मधील ‘सिम्फनी फांतास्तिक’मध्ये आणि लिस्ट यांनी ‘टोटेनटान्झ’मध्ये ही चाल वापरली होती. त्या दोन्ही ठिकाणी ती करड्या, भारदस्त रूपात अवतरते. सॅं-सांस यांनी ती मेजर स्वरश्रेणीत आणि वॉल्ट्झच्या ठेक्यावर घेतली. अंत्यविधीचे गाणे नाचाचे गाणे झाले. काझालिस यांच्या कवितेतील उपरोध येथे शब्दांवाचून टिकून राहतो.

हॅलोवीनशी संबंध

या रचनेचा परिचय करून देताना ‘दरवर्षी हॅलोवीनच्या मध्यरात्री मृत्यू अवतरतो’ अशी आख्यायिका अनेकदा सांगितली जाते. मूळ कवितेत मात्र हॅलोवीनचा उल्लेख नाही. तेथे फक्त हिवाळ्याची रात्र आहे. काझालिस व सॅं-सांस यांच्या काळातील फ्रान्समध्ये हॅलोवीन आजच्याप्रमाणे साजरा होत नव्हता. १ नोव्हेंबरचा सर्व संतांचा दिवस आणि २ नोव्हेंबरचा मृतात्म्यांचा दिवस हे कॅथलिक दिनदर्शिकेतील दिवस तेथे पाळले जात. हॅलोवीनची प्रथा आयर्लंड आणि स्कॉटलंड येथील स्थलांतरितांबरोबर उत्तर अमेरिकेत गेली व तेथे लोकोत्सव बनली. या उत्सवातील सांगाडे, थडगी आणि मध्यरात्र यांच्याशी या रचनेतील प्रतिमा जुळल्याने ती त्याच्याशी जोडली गेली. अमेरिकेतील शाळांमध्ये ऑक्टोबर महिन्यात संगीताच्या तासाला ती मुलांना ऐकवली जाते. टोले, हाडे आणि कोंबडा हे सर्व स्पष्ट ओळखू येत असल्याने वाद्यांची ओळख करून देण्यासही ती सोयीची ठरते.

वॉल्ट डिस्ने यांच्या ‘द स्केलेटन डान्स’ (१९२९) या व्यंगचित्रपटात हीच रचना आहे, असाही एक समज आढळतो. प्रत्यक्षात त्या चित्रपटाचे संगीत कार्ल स्टॉलिंग यांचे असून त्यात नॉर्वेजियन संगीतकार एडवर्ड ग्रीग यांच्या एका रचनेचा उपयोग केलेला आहे. एका सांगाड्याने दुसऱ्याच्या पाठीचा कणा झायलोफोनसारखा वाजवण्याचे त्यातील दृश्य मात्र सॅं-सांस यांच्या कल्पनेच्या जवळचे आहे.

रूपांतरे व प्रभाव

लिस्ट यांनी १८७६ मध्ये या रचनेचे एकल पियानोसाठी रूपांतर केले. स्वतः सॅं-सांस यांनी दोन पियानोंसाठी तिचे रूप तयार केले. फ्रेंच दिग्दर्शक झां रन्वार यांच्या ‘ला रेग्ल द्यु झ्यू’ (१९३९) या चित्रपटात उमरावांच्या हवेलीतील करमणुकीच्या कार्यक्रमात सांगाड्याच्या वेशातील नट या संगीतावर नाचतात. दुसऱ्या महायुद्धाच्या उंबरठ्यावरील बेफिकीर उच्चभ्रू समाजाचे ते चित्र असल्याने मृत्यूच्या नृत्याचा मध्ययुगीन अर्थ तेथे पुन्हा प्रकट होतो. ब्रिटनमधील ‘जोनाथन क्रीक’ या १९९७ पासूनच्या रहस्यप्रधान दूरचित्रवाणी मालिकेचे शीर्षकसंगीतही याच रचनेवर आधारित आहे.

हॅलोवीनच्या काळात या रचनेच्या जोडीने मुसोर्गस्की यांची ‘नाइट ऑन बाल्ड माउंटन’ आणि बर्लिओझ यांच्या ‘सिम्फनी फांतास्तिक’चा अंतिम भाग यांचेही कार्यक्रम होतात. या तिन्हींमध्ये रात्रीच्या अनाचाराला एक शेवट असतो किंवा त्याची चाहूल घंटा देतात. दान्स माकाब्रमध्ये ही मर्यादा सर्वांत रेखीव आहे : बारा टोल्यांनी भय सुरू होते आणि कोंबड्याच्या आरवण्याने संपते. आदि आणि अंत ठाऊक असलेले हे भय श्रोता सुरक्षितपणे अनुभवू शकतो. मुलांना ही रचना निर्धास्तपणे ऐकवली जाते, त्याचेही हेच कारण आहे. नाच थांबतो तो मात्र त्या रात्रीपुरता. मृत्यूचे व्हायोलिन तुटत नाही. तो केवळ निरोप घेतो.