पाऊस, उतार आणि जमिनीची धूप

जेवढा पाऊस अधिक तेवढी जमिनीची धूप अधिक, असा सर्वसाधारण समज आहे. तो खरा असता तर मेघालयातील चेरापुंजीच्या पठारावरून आज सर्वांत जास्त माती वाहून जावयास हवी होती. कारण तेथे वर्षाकाठी सरासरी ११,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि त्याचा फार मोठा भाग पावसाळ्याच्या काही महिन्यांतच कोसळतो. परंतु पोलिश व भारतीय भूगोलज्ञांनी तेथे दीर्घकाळ केलेल्या आणि २००४ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातून निराळेच चित्र पुढे आले. पठारावरील मूळचे अरण्य तोडले गेल्यावर बारीक माती केव्हाच धुऊन गेली. मागे राहिला तो जाड्याभरड्या खड्यांचा थर आणि त्यावर वाढलेले चिवट गवत. या चिलखतामुळे आता तेथील धूप मंद झाली आहे. धूप मंद असणे हे जमिनीच्या सुस्थितीचे लक्षण असतेच असे नाही. कधी कधी वाहून नेण्याजोगे फारसे उरलेलेच नसते.

पाऊस आणि धूप यांचा संबंध सरळ रेषेत नसतो, ही गोष्ट लँगबाइन व शुम या अमेरिकन शास्त्रज्ञांनी १९५८ मध्ये नद्यांतील गाळाची आकडेवारी तपासून दाखवली होती. वाळवंटात पाणीच नाही, म्हणून गाळ थोडा. पर्जन्यमान वाढत जाते तसा गाळही वाढतो. मात्र वर्षाला सुमारे ३०० मिलिमीटरच्या आसपास तो कमाल मर्यादा गाठून पुन्हा उतरू लागतो. त्या टप्प्यापासून गवत आणि झाडे जमिनीला झाकू लागतात. हा नियम भारताला जसाच्या तसा लावता येत नाही. आपल्याकडे प्रश्न पाऊस किती पडतो एवढाच नसून तो केव्हा पडतो हाही आहे. उन्हाळ्यात गवत करपलेले असते, गुरांनी उरलेसुरले खाऊन टाकलेले असते. आणि नेमक्या अशा उघड्या जमिनीवर मोसमी पावसाच्या पहिल्या सरी येऊन आदळतात.

आदळतात हा शब्द येथे अलंकारिक नाही. पाच मिलिमीटर व्यासाचा थेंब सेकंदाला सुमारे नऊ मीटर वेगाने जमिनीवर येतो. त्याच्या माऱ्याने मातीची ढेकळे फुटतात, सुटलेले सूक्ष्म कण छिद्रे बुजवतात आणि पाणी मुरण्याऐवजी पृष्ठभागावरून वाहू लागते. गवताचे पाते किंवा पालापाचोळा हा आघात स्वतःवर घेतो. मुळे माती बांधून ठेवतात. उंच वृक्षाखालची जमीन मात्र उघडी असेल तर पानांवरून एकत्र होऊन पडणारे मोठे थेंब तेथेही माती उखडू शकतात. नुसती झाडे लावून समाधान मानणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

पुढचे काम उतार करतो. उतार वाढला की पाण्याचा वेग वाढतो, आणि वेग दुप्पट झाला की पाण्याला ढकलता येणाऱ्या दगडाचे वजन, जुन्या सूत्रानुसार, चौसष्ट पट होते. पण उतार म्हणजे केवळ डोंगराची चढण नव्हे. चंबळेच्या काठची मैदाने जवळजवळ सपाट आहेत, तरीही तेथे बेहडांचे प्रचंड जाळे आहे. नदीचे पात्र खोल गेल्यामुळे मैदानावरील लहानशा ओहोळालाही काठाशी येताच एकदम मोठा उतार मिळतो. तेथे मऊ गाळमाती कोसळते आणि घळ शेतांच्या दिशेने मागे मागे सरकत जाते.

पाऊस बदलता येत नाही. उतार बांधबंदिस्तीने थोडाफार तोडता येतो. आच्छादन मात्र बरेचसे माणसाच्या हाती असते, आणि शिवालिकच्या टेकड्यांत त्याची कसोटी लागली. या टेकड्या ठिसूळ वालुकाश्म व चिकणमातीच्या. १९५८ मध्ये बांध घालून निर्माण केलेल्या चंदीगडच्या सुखना तलावाची निम्म्याहून अधिक क्षमता तीस वर्षांच्या आत गाळाने भरून गेली. गाळाचा माग काढीत पी. आर. मिश्र आणि त्यांचे मृद्‌संधारण क्षेत्रातील सहकारी १९७०च्या दशकात सुखोमाजरी या गावापर्यंत पोहोचले. गावाभोवतीच्या टेकड्या शेळ्यागुरांनी उघड्या केल्या होत्या. चराई थांबवा, असे सांगणे सोपे होते. पण शेळी हाच ज्यांचा आधार त्यांनी ते का ऐकावे? गावाजवळ मातीचे छोटे बंधारे बांधून शेतीला पाणी मिळाले, तेव्हा गावकरी टेकड्या राखण्यास तयार झाले. त्या पाण्यात भूमिहीन कुटुंबांनाही सारखाच वाटा देण्यात आला, कारण त्यांची जनावरे मोकळी राहिली असती तर उतार पुन्हा उघडे पडले असते. हळूहळू टेकड्यांवर दोरासाठी उपयोगी पडणारे भाभर गवत आणि खैराची झाडे वाढू लागली. खाली येणारा गाळ झपाट्याने घटला. त्या टेकड्यांवरचा पाऊस आणि त्यांचा उतार मात्र पूर्वीचाच होता.