साष्टीच्या जमिनी आणि ठाण्याची कचेरी

अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर ही आज मुंबईची उपनगरे असली, तरी ब्रिटिश अमदानीतला बहुतेक काळ कायद्याने ती मुंबईत नव्हतीच. ती साष्टी बेटावरची गावे होती आणि साष्टी ठाणे जिल्ह्यात मोडत असे. माहीमच्या खाडीच्या दक्षिणेला सुप्रीम कोर्ट, बॅरिस्टर आणि इंग्लिश कायदा. उत्तरेला जिल्हा न्यायालय, गव्हर्नर एल्फिन्स्टनची १८२७ची रेग्युलेशने आणि मोडीतले दस्त. १८६२ साली मुंबईत उच्च न्यायालय आले, तेव्हाही ही वाटणी मोडली नाही. शहरातले मोठे दावे थेट त्याच्या मूळ शाखेत लागत. साष्टीचा दावा तिथे पोहोचायचा तो ठाण्यातून अपिलाच्या वाटेने. अंधेरीच्या शेतकऱ्याला मुंबईचा बाजार जवळ होता, कोर्ट मात्र ठाण्याचे होते.

या बेटावरच्या जमिनींचे हक्क आधीच गुंतागुंतीचे होते. पोर्तुगीजांनी गावे इनाम दिली होती, १७३७ नंतर मराठ्यांनी आपली वसुलीची घडी बसवली आणि डिसेंबर १७७४मध्ये ठाण्याचा किल्ला घेऊन ईस्ट इंडिया कंपनी इथे आली. सालबाईच्या १७८२च्या तहाने साष्टी तिच्याकडेच राहिली. पडीक जमीन लागवडीला यावी म्हणून कंपनीने गावेच्या गावे कौलाने, म्हणजे अटी घातलेल्या पट्ट्याने, द्यायला सुरुवात केली. पवईची इस्टेट १७९९मध्ये डॉ. हेलेनस स्कॉट यांना मिळाली आणि १८२९मध्ये ती फ्रामजी कावसजी बनाजींकडे गेली. बनाजींनी तिथे ऊस, नीळ आणि तुती लावून पाहिली. पवईच्या आंब्यांची करंडी त्यांनी १८३८मध्ये व्हिक्टोरिया राणीला धाडली होती. भांडुप १८०३मध्ये ल्यूक अॅशबर्नर यांना मिळाले आणि तिथे रमची भट्टी उभी राहिली. कुर्ला, मोहिली, किरोळ, साहार ही गावे १८०८मध्ये वाडिया घराण्याकडे आली, मुंबईच्या कोटातल्या जागेच्या बदल्यात. आजच्या घाटकोपरचा मोठा भाग किरोळच्या शिवारात येतो.

या कौलदारांना लोक खोत म्हणत. पुढच्या दीडशे वर्षांतल्या तंट्यांचे मूळ एका साध्या प्रश्नात होते: कंपनीने खोताला दिले ते काय? जमीन, की तिचा सरकारी वसूल? वसूलच दिला असेल तर रान, खदाणी, ताडामाडाची झाडे सरकारची आणि शेत जुन्या रयतेचे. जमीन दिली असेल तर कसणारा नुसता कूळ ठरतो. कोर्टे याचे उत्तर कौलाच्या शब्दांत शोधत. तो कागद इंग्रजीत, खोताच्या तिजोरीत. आणि ज्याची वहिवाट त्याहून जुनी, त्याच्याकडे बापजाद्यांच्या नावापलीकडे पुरावा नसे. न्यायाधीश पक्षपाती असो वा नसो, अशा दाव्यात तराजू आधीच कललेला असे.

खालच्या कोर्टांची उतरंड १८६९च्या मुंबई दिवाणी न्यायालय कायद्याने पक्की झाली. दुय्यम वर्गाच्या सबजज्जाकडे पाच हजार रुपयांपर्यंतचे दावे, त्यावरचे प्रथम वर्गाच्या सबजज्जाकडे, वर जिल्हा न्यायाधीश. भातशेतीच्या तुकड्याची किंमत पाहता गावकऱ्यांचे जवळजवळ सगळे व्यवहार पहिल्याच पायरीवर येत. कामकाज मराठीत चाले. उच्च न्यायालयात जाताना साऱ्या कागदांचा इंग्रजी तर्जुमा करावा लागे आणि त्याचा खर्च अपील करणाऱ्यावर पडे. १८७०च्या कोर्ट फी कायद्यानुसार दाव्याच्या रकमेप्रमाणे मुद्रांक लावावा लागे, तो वेगळाच.

कर्जाचा दावा कसा उभा राही, ते पाहण्यासारखे आहे. पेरणीच्या तोंडावर शेतकरी सावकाराकडून बी-भात उचली. ते पीक आल्यावर सवाईने किंवा दिढीने फेडायचे, म्हणजे मणाला सव्वा मण किंवा दीड मण. फिटले नाही की धान्याची किंमत रुपयांत मांडून कर्जरोखा होई. रोखा लिहिणारा सावकाराच्या ओळखीचा. खाली शेतकऱ्याची ‘निशाणी नांगर’, म्हणजे सहीच्या जागी काढलेले नांगराचे चित्र. १८५९च्या मुदतीच्या कायद्याने साध्या रोख्यावर तीन वर्षांत दावा न लावल्यास तो कालबाह्य होऊ लागला. हेतू चांगला होता: जुनीपुराणी कर्जे उकरून काढायला आळा बसावा. झाले उलटेच. तीन वर्षे भरत आली की सावकार नवा रोखा मागे, थकलेले व्याज मुद्दलात जाई आणि पुन्हा व्याजाला व्याज चढे. दामदुप्पट, म्हणजे व्याज एकावेळी मुद्दलाहून जास्त मिळू नये, हा जुना नियम कोर्टे हिंदू ऋणकोला लावत. पण दर खेपेला मुद्दलच नवे होत गेल्यावर तो नियम कागदावरच राही.

दावा लागला की समन्स निघे. प्रतिवादी बहुधा हजर होत नसे: लावणीचे दिवस, ठाण्यापर्यंतची पायपीट, वकिलाची फी, शिवाय कर्ज घेतलेले खरेच असल्यामुळे ‘आता जाऊन बोलायचे काय’ हा संकोच. एकतर्फी हुकूमनामा होई. मग दरखास्त, जप्ती, दवंडी आणि लिलाव. हुकूमनामा ज्याच्या बाजूचा, त्याने लिलावात बोली लावायची तर कोर्टाची परवानगी लागे. ती मिळाली की शेत थोडक्यात त्याच्या नावावर चढे आणि कालचा मालक कबुलायत लिहून खंडाने तेच शेत कसू लागे. गावात वरवर काहीच बदललेले दिसत नसे. बदल फक्त खात्यावरच्या नावात.

याचा स्फोट झाला तो देशावर. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या आणि रोखे जाळले. घरांपेक्षा कागदांवर राग होता, हे या दंगलीवर नेमलेल्या चौकशी आयोगाच्याही ध्यानात आले. त्यातून १८७९चा दख्खन शेतकरी साह्य कायदा आला. कोर्टाने नुसता रोखा न पाहता मूळ व्यवहारापासून हिशेब तपासावा, हप्ते बांधून द्यावेत, शेतकऱ्याला कर्जापायी अटक करू नये आणि खास गहाण नसलेली जमीन विकू नये, असे त्यात होते. आधी तो पुणे, सातारा, सोलापूर, अहमदनगर या चार जिल्ह्यांपुरता होता. पुढे इलाख्यातल्या इतर जिल्ह्यांपर्यंत पोचला. मग दाव्यांत नवाच मुद्दा निघू लागला: प्रतिवादी खरोखर ‘शेतकरी’ आहे का? साष्टीसारख्या भागात ही अडचण मोठी. माणूस पावसाळ्यात भात लावणार, उरलेले आठ महिने मीठ, मासळी, गवत, दूध किंवा मुंबईतली मजुरी. त्याचे मुख्य उत्पन्न कोणते, हे ठरवण्यासाठी साक्षीदार तपासले जात.

सावकारांनीही वाटा शोधल्या. गहाणखताऐवजी मुदतखरेदी लिहून घेतली जाऊ लागली: जमीन विकली, ठरल्या मुदतीत पैसे दिले तर परत, नाहीतर कायमची गेली. दिसायला खरेदी, आतून गहाण. गहाण ठरले तर सोडवून घेण्याची मुदत साठ वर्षांची. खरेदी ठरली तर सारे संपलेच. म्हणून अशा दाव्यांत नातू आजोबाच्या दस्तावर भांडताना दिसतात. अखेर १९२९च्या दुरुस्तीने परत देण्याची अट त्याच दस्तात असल्याखेरीज व्यवहार गहाण धरायचा नाही, असे ठरले.

नुसत्या ताब्याच्या भांडणासाठी स्वस्त आणि जवळची सोय होती मामलेदार कोर्टाची. १८७६चा आणि नंतर १९०६चा मामलेदार न्यायालय कायदा यासाठीच झाला. बांध फोडला, वाट अडवली, पाणी वळवले, जबरीने शेतातून काढले, तर सहा महिन्यांच्या आत मामलेदाराकडे जावे. मालकी कुणाची हा प्रश्न तिथे निघत नसे. हरणाऱ्याला दिवाणी कोर्टाचे दार उघडे असे. १९०६चा हा कायदा अजूनही लागू आहे.

वारसाहक्काचे तंटे साष्टीत जरा निराळे होते, कारण इथल्या गावठाणांत मूळच्या हिंदू जातींतून ख्रिस्ती झालेली कुटुंबे मोठ्या संख्येने होती. १८६५च्या वारसा कायद्याने त्यांना व्यक्तिगत वाटणी लागू होत होती, राहणी मात्र अनेकांची एकत्र कुटुंबाची. फ्रान्सिस घोसाल विरुद्ध गाब्री घोसाल या १९०६च्या निकालात मुंबई उच्च न्यायालयाने असे धरले, की धर्मांतरानंतरही कुटुंबाने जुनी सामाईकपणाची चाल टिकवली असेल, तर त्या बाबतीत हिंदू कायदा लागू होऊ शकतो. म्हणजे चूल एक होती की वेगळी, हा कोर्टातला पुरावा ठरला.

रेल्वेने या जमिनींचे मोल बदलले. बोरीबंदर ते ठाणे गाडी १८५३मध्ये धावली, पश्चिमेची लाईन १८६०च्या दशकात आली आणि १८९६च्या प्लेगनंतर शहरातली माणसे मोकळ्या हवेसाठी उत्तरेला सरकू लागली. भाताच्या खंडावरून होणारी भांडणे बंगल्याच्या प्लॉटवर आली. १८९४च्या भूसंपादन कायद्याखाली नुकसानभरपाई वाढवून मागणारे अर्ज कोर्टात येऊ लागले: जमिनीची किंमत भाताच्या उत्पन्नावर धरायची, की उद्या तिथे होणाऱ्या वस्तीवर? १९२०मध्ये मुंबई उपनगर जिल्हा वेगळा काढला गेला. १९५०मध्ये बृहन्मुंबईची हद्द जोगेश्वरी-भांडुपपर्यंत आणि १९५७मध्ये दहिसर-मुलुंडपर्यंत गेली.

स्वातंत्र्यानंतर १९५१च्या साष्टी इस्टेटी कायद्याने खोतांची महसूलमाफी संपवली. १४ ऑगस्ट १९५१पूर्वी लागवडीला किंवा वापरात न आणलेली पडीक जमीन सरकारजमा, असे त्यात होते. लगेच जुना प्रश्न नव्या रूपात उभा राहिला: पडीक म्हणजे कोणती? विक्रोळीच्या जमिनीचा दावा यातला सर्वांत परिचित. बनाजींना ७ जुलै १८३५च्या कायमच्या पट्ट्याने मिळालेली ती जमीन त्यांच्यानंतरच्या हक्कदाराकडून गोदरेज कंपनीने १९४८मध्ये खरेदी केली. १९५३मध्ये उच्च न्यायालयात दावा लागला आणि ८ जानेवारी १९६२च्या समजुतीच्या हुकूमनाम्याने ३१ गुंठे वगळता बाकी जमीन पडीक नव्हे असे ठरले. नंतर तीच जमीन ‘खासगी वन’ आहे की नाही, यावर पुन्हा खटला उभा राहिला. १९५०च्या दशकात वन कायद्याखाली निघालेल्या आणि पुढे न चालवलेल्या नोटिशांच्या आधारे मुलुंड, कांदिवली भागातल्या बांधलेल्या इमारतीही वनजमिनीवर ठरत होत्या. ३० जानेवारी २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सरकारचे ते म्हणणे अमान्य केले आणि त्या इमारतींतल्या रहिवाशांच्या मालकीवरचे सावट दूर झाले.