तारेतला लपलेला रोध

घरातील दिवे, पंखे आणि कूलर एकमेकांशी समांतर जोडलेले असतात, म्हणून एक बंद पडला तरी दुसरा चालू राहतो. परंतु खांबापासून मीटरपर्यंत आणि तेथून बोर्डापर्यंत येणारी तार मात्र या साऱ्यांशी एकसर जोडणीत असते, म्हणजेच विद्युतधारेला तिच्यावाचून दुसरी वाट नसते. एकसर जोडणीतील प्रत्येक रोधातून सारखीच धारा वाहते. पहिला रोध धारेचा काही भाग गिळून टाकतो आणि उरलेली पुढच्याला मिळते, हा समज शाळा सुटल्यावरही बराच काळ टिकतो. वस्तुतः वाटले जाते ते विभवांतर, म्हणजे धारेला पुढे ढकलणारा विद्युतदाब, आणि ओहमने 1827 मध्ये मांडलेल्या नियमानुसार ज्याचा रोध मोठा त्याच्या वाट्याला ते अधिक येते. म्हणूनच 100 आणि 40 वॅटचे तारेचे दोन बल्ब एकसर जोडल्यास 40 वॅटचा, रोध जास्त असल्याने, अधिक उजळतो.

नागपूरच्या रामदासपेठेतील एखाद्या घरात मे महिन्यात एसीचा कॉम्प्रेसर सुरू होताना दिवे क्षणभर मंदावतात, त्याचे कारण विभवांतराची हीच वाटणी. जाण्या-येण्याच्या तारेचा मिळून रोध अर्धा ओहम आणि आरंभीची धारा 30 अँपिअर धरली, तर 15 व्होल्ट तारेतच खर्ची पडतात आणि घराला 230 ऐवजी सुमारे 215 व्होल्ट मिळतात. (एलईडी दिव्यांत हा फरक बहुधा दिसतही नाही.) त्यात तांब्याचा रोध दर अंशाला सुमारे 0.4 टक्के वाढत असल्याने, तिथल्या 45 अंशांत तार 20 अंशांच्या तुलनेत जवळपास दहा टक्के अधिक अडवते.

अशा एकसर रोधाचा खरा धोका मात्र सैल जोडापाशी असतो. 2000 वॅटच्या गीझरचा रोध सुमारे 26.5 ओहम असतो. प्लगच्या सैल पिनेपाशी त्यात एका ओहमची भर पडली, तर धारा 8.7 वरून 8.4 अँपिअरवर येते, पण त्या नखाएवढ्या जागेत सुमारे 70 वॅट उष्णता निर्माण होऊ लागते. एमसीबी, म्हणजे आपोआप बंद होणारा स्विच, जास्त धारेवर पडते आणि येथे धारा उलट घटलेली असते, त्यामुळे 16 अँपिअरच्या एमसीबीला त्यात काहीच वावगे आढळत नाही. प्लगचे प्लास्टिक काळवंडले असेल, तर मोठी एमसीबी बसवण्याऐवजी जोड साफ करून स्क्रू आवळणे, अथवा सॉकेटच बदलणे, हाच उपाय ठरतो.