कॅमेरा बसला, चित्रण किती दिवस राहते?

सातारा-सांगलीकडे गावोगावच्या मंदिर-मशिदींत कॅमेरे बसू लागले आहेत. एकदा कॅमेरा लागला की सगळे कायमचे साठून राहते, असा समज मात्र सर्रास आढळतो. तसे होत नाही. साठवण होते ती डीव्हीआरमध्ये (चित्रण हार्ड डिस्कवर नोंदवणारी पेटी). डिस्क भरली की सर्वांत जुने चित्रण पुसून त्या जागी नवे लिहिले जाते. रहाटाची गाडगी मोजकीच असतात. भरलेले गाडगे वर येऊन रिते होते आणि पुन्हा भरायला खाली जाते, तसेच हे.

सेकंदाला २ मेगाबिट वेगाने नोंद करणारा एक कॅमेरा दिवसाला सुमारे २१ गिगाबाइट जागा घेतो. असे आठ असतील तर १ टेराबाइटची डिस्क सहा दिवसांतच भरते. दानपेटी महिन्याने उघडली आणि चोरी तेव्हा कळली, तर चित्रण केव्हाच गेलेले असते. कॅमेरे किती, यापेक्षा दिवस किती, हे विक्रेत्याला आधी विचारावे.

घटना कळताच तेवढा भाग वेगळा काढून ठेवावा. न्यायालयात त्या प्रतीसोबत भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र लागते. त्यात हॅश मूल्य (फाइल बदलली की बदलणारा अंक-अक्षरांचा ठसा) नमूद करावे लागते.

जत्रेचे गणित वेगळे. मांढरदेवला २००५ मध्ये झाली तशी चेंगराचेंगरी टाळायची, तर साठवणीचा उपयोग नाही. पडद्यासमोर जागा माणूस हवा.

आणि डीव्हीआर दानपेटीशेजारी ठेवू नये. चोर तोही उचलून नेतात.