बायकामुलांवर बसलेले शुल्क
जुलै 2017 मध्ये सौदी सरकारने परदेशी नोकरदारांच्या कुटुंबीयांवर शुल्क लावले. माणशी दरमहा 100 रियाल. दरवर्षी वाढत जुलै 2020 ला ते 400 झाले. आपण व्यापारी माणसे, हिशेबच करू. बायको आणि तीन मुले म्हणजे वर्षाला 19,200 रियाल, तेही इकामा नूतनीकरणाच्या वेळी आगाऊ. पाच हजार पगाराच्या कारकुनाची जवळजवळ चार महिन्यांची कमाई!

मग म्हसळा, श्रीवर्धन, खेडकडची कुटुंबे परतू लागली. कर्ता तिकडे एकटा, मुलांची शाळा नव्याने, घराची सारी जबाबदारी बाईवर.

तेलावरची मदार कमी करावी, स्वतःच्या तरुणांना रोजगार द्यावा, हा सौदी सरकारचा हक्क आहे. नव्याने कोणाला घ्यायचे तेही त्यांनीच ठरवावे. पण जुन्या अटींवर बिऱ्हाड घेऊन गेलेल्याला मध्येच नवा भाव सांगणे ही गोष्ट वेगळी. मुकादमाने ठरलेल्या सौद्यात असे केले तर बाजार त्याच्या दारात उभा राहत नाही.

आता जाणाऱ्यांनी पगाराचा आकडा ऐकून सही करू नये. कुटुंबाचे शुल्क कंपनी भरणार की आपण, हे करारात लिहून घ्यावे.