किल्ली फोनच्या पोटात

फोन हातातून निसटतो, फरशीवर आपटतो, पडदा काळा पडतो. थोड्या वेळाने कुणाचा तरी कॉल येतो आणि तो काळा ठोकळा थरथरू लागतो. आत सगळं चालू आहे. नेटवर्क पकडलेलं आहे, घड्याळ पळतं आहे, उद्या सकाळचा गजरही वेळेवर वाजेल. फुटली आहे ती काच आणि तिच्याखालचा डिस्प्ले. फोटो, मेसेज, नंबर यांतलं काहीच त्या काचेत राहत नव्हतं.

ते सगळं असतं मदरबोर्डवर सोल्डर केलेल्या एका काळ्या चिपमध्ये. लांबी-रुंदी जेमतेम सव्वा सेंटिमीटर. तिच्यात माहिती कशी टिकते हे कळल्यापासून मी फुटलेल्या फोनकडे फार आदराने बघतो.

या चिपमध्ये सूक्ष्म पेशी असतात. प्रत्येक पेशीत इलेक्ट्रॉन कोंडून ठेवायची एक जागा आणि तिच्याभोवती वीज वाहू न देणारा सिलिकॉन डायऑक्साइडचा थर. रसायनशास्त्राच्या भाषेत ही काचच, पण मिलिमीटरच्या एक लाखाव्या भागाहून पातळ. बाहेरची काच फुटली तरी ही आतली शाबूत राहते, म्हणून तर आपले फोटो वाचतात. इलेक्ट्रॉन असे कोंडण्याची युक्ती १९६७ मध्ये अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये डावॉन कांग आणि सायमन झी यांना सुचली. तिच्यावरून जपानच्या तोशिबा कंपनीत फुजिओ मासुओका यांनी फ्लॅश मेमरी घडवली, आणि आज आपल्या खिशात असलेला तिचा नँड हा प्रकार १९८७ मध्ये जगापुढे आला. पुढे रचना बदलली, पेशींचे थरावर थर चढले. तत्त्व तेच राहिलं.

पण चहूबाजूंनी बंद असलेल्या जागेत इलेक्ट्रॉन शिरतो कसा? बॅटरी असते चार व्होल्टांच्या आसपासची. तिच्यावरून चिप स्वतःच वीस व्होल्टांच्या जवळपास दाब तयार करते. त्या दाबाखाली इलेक्ट्रॉन काचेचा थर फोडत नाही, ओलांडतही नाही. तो अलीकडे असतो आणि मग पलीकडे असतो. पुंज भौतिकीत याला टनेलिंग म्हणतात. पाठ्यपुस्तकात हे वाचताना वाटतं, असलं काही प्रयोगशाळेत घडत असेल. ते घडतं बारशाचा फोटो काढताना, प्रत्येक वेळी, लाखो पेशींत.

आत शिरलेले इलेक्ट्रॉन वीज बंद झाली तरी वर्षानुवर्षं तिथंच राहतात. शिवाय पेशी नुसती भरलेली की रिकामी एवढंच बघितलं जात नाही. रांजणातलं पाणी कुठवर आलंय ते पाहावं तशा तिच्यातल्या आठ पातळ्या चिप ओळखते, आणि त्यामुळे एका पेशीत तीन बिट मावतात. या हिशेबाने १२८ गिगाबाइटच्या फोनमध्ये सुमारे ३४ हजार कोटी पेशी होतात. बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातले संगणकशास्त्रज्ञ जॉन क्युबियाटोविच यांनी २०११ मध्ये एक सुंदर गणित मांडलं होतं. चार गिगाबाइटचं ई-बुक वाचायचं यंत्र पुस्तकांनी पूर्ण भरलं, तर त्याचं वजन साधारण एका ॲटोग्रॅमने वाढतं. एका ग्रॅमचे एकावर अठरा शून्यं इतके भाग केले, तर त्यातला एक. इलेक्ट्रॉनांची संख्या बदलत नाही, पण कोंडलेल्या इलेक्ट्रॉनांची ऊर्जा वाढते आणि आइन्स्टाइनच्या समीकरणानुसार ऊर्जा वाढली की वस्तुमानही वाढतं. फोनमध्ये जपलेल्या आजीच्या आवाजाला खरोखरच वजन आहे.

माहिती इतकी शाबूत असते, तर ती चिप काढून दुसऱ्या फोनवर बसवली की काम झालं, असं कुणालाही वाटेल. एके काळी व्हायचंही. तपास यंत्रणा आणि डेटा परत मिळवून देणारे तंत्रज्ञ चिप उतरवून थेट वाचत. मग फोन आपली माहिती कूटबद्ध करून साठवू लागले. आयफोनमध्ये हे २००९-१० च्या सुमारास सुरू झालं, अँड्रॉइडच्या सक्षम नव्या फोनांना २०१५ च्या ६.० आवृत्तीपासून सक्तीचं झालं. चिपवर आता जे असतं ते किल्लीशिवाय निव्वळ गोंधळ. सर्रास वापरली जाणारी किल्ली २५६ बिटांची. शक्य किल्ल्यांची संख्या लिहायला ७८ आकडे लागतात. आणि ही किल्ली कुठे ठेवलेली नसते, ती दर वेळी घडवावी लागते. तिचा एक अंश म्हणजे आपला पिन किंवा पॅटर्न. दुसरा अंश म्हणजे कारखान्यातच प्रोसेसरच्या आत कोरलेलं एक गुपित, जे फोनच्या स्वतःच्या सॉफ्टवेअरलाही वाचता येत नाही. म्हणून साठवणीची चिप एकटी निरुपयोगी, आणि पिन एकटाही निरुपयोगी.

याचा पुरावा अनेकांनी नकळत पाहिलेला असतो. फोन बंद करून चालू केला आणि पिन टाकण्याआधीच कॉल आला, तर बऱ्याच फोनांवर नाव दिसत नाही, नुसता नंबर दिसतो. आईचा नंबर ‘आई’ म्हणून ओळखायला लागणारी यादीसुद्धा तेव्हा कुलपात असते. बोटाचा ठसाही अशा वेळी चालत नाही, पिनच लागतो.

फुटलेल्या फोनचं सगळं शास्त्र इथून उलगडतं. डिस्प्ले गेला तरी फोन जागा असेल, तर त्याला आधी चार्जिंगला लावावं. उगीच बंद-चालू करू नये. (पाण्यात पडलेल्या फोनचं नेमकं उलट. ओल्या बोर्डावर वीज खेळली की गंज झपाट्याने चढतो, म्हणून तो चार्जिंगला लावू नये, तांदळाच्या डब्यातही खुपसू नये, बंद करून दुकानात न्यावा.) टच गेला आणि चित्र दिसतंय, तर बऱ्याच अँड्रॉइड फोनांना ओटीजी जोडणीतून साधा माउस लावता येतो आणि पडद्यावर बाण उमटतो. चित्रही गेलं, तर कीबोर्ड लावून आंधळेपणाने पिन टाइप करता येतो, आणि काही महागड्या फोनांचं चित्र टाइप-सी केबलमधून टीव्हीवर घेता येतं. नुसती संगणकाला केबल जोडून मात्र भागत नाही. फोन आधी फक्त चार्ज होतो. फाइली द्यायच्या की नाही हे तो पडद्यावर विचारतो, आणि पडदाच नसतो.

यापेक्षा सरळ मार्ग म्हणजे डिस्प्ले बदलून घेणं. फोन पुढे वापरायचा नसला तरी माहितीसाठी एवढा खर्च करावा, असं माझं ठाम मत आहे. दुकानदाराला एकच गोष्ट स्पष्ट सांगायची: रिसेट मारायचा नाही.

बोर्डच मेला असेल, तर कामाला खरी कारागिरी लागते. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडपासून गावच्या बाजारपेठेतल्या टपरीवजा दुकानापर्यंत सूक्ष्मदर्शकाखाली मान घालून बसलेली माणसं दिसतात. कित्येकदा दोष असतो एखाद्या मिलिमीटरभर कपॅसिटरमध्ये. तो शॉर्ट झालेला असतो आणि बोर्डाला थोडी वीज दिली की थर्मल कॅमेऱ्यात नेमका तापलेला दिसतो. तो काढला की बोर्ड उठतो. तेवढ्याने नाही भागलं, तर प्रोसेसर, त्याच्या पाठीवर बसलेली रॅम आणि साठवणीची चिप ही मंडळी एकत्र उचलून त्याच मॉडेलच्या दुसऱ्या बोर्डावर नेतात. शिसं नसलेलं सोल्डर २१७ अंश सेल्सिअसच्या आसपास वितळतं. तेवढी उष्णता द्यायची, पण आतलं गुपित आणि इलेक्ट्रॉन जपायचे. सगळं करून फोन काही तास जगला तरी पुरे. पिन टाकला की तो स्वतःच्या किल्लीने सगळं उघडून देतो. या हातांना मी मनापासून मानतो.

किल्लीच्या या अडचणीतून आधीच सोडवणूक करतो तो बॅकअप. फोन आपल्यासाठी उघडा असतानाच माहितीची प्रत बाहेर गेलेली असते. तिलाही किल्ली असते, पण ती एका प्रोसेसरमध्ये अडकलेली नसते. अँड्रॉइडच्या ९ व्या आवृत्तीपासून, म्हणजे २०१८ पासून, गूगलवरच्या बॅकअपच्या किल्लीला आपल्या स्क्रीन लॉकचं कुलूप असतं आणि चुकीच्या प्रयत्नांवर गूगलच्या डेटा केंद्रातली टायटन नावाची सुरक्षा चिप पहारा ठेवते. म्हणून तर नवा फोन सेट करताना जुन्या फोनचा पिन विचारला जातो. व्हॉट्सॲपने २०२१ मध्ये पासवर्ड किंवा ६४ अंकी किल्ली लावून बॅकअप कुलूपबंद करायची सोय दिली. ती किल्ली हरवली, तर व्हॉट्सॲपलाही तो उघडता येत नाही. तेव्हा ती कागदावर लिहून घरात ठेवावी. फोनमध्ये ठेवून उपयोग नाही.

यूपीआय मात्र कुठल्याच वाटेने येत नाही. नवा फोन सिमवरून स्वतः एक एसएमएस धाडतो, बँक नंबर ताडून पाहते आणि नातं नव्याने जुळतं. त्यामुळे फुटलेल्या फोनमधून पहिल्यांदा काय काढायचं, तर सिम.

सगळं नव्या फोनमध्ये आलं, उघडून पाहिलं, की मग जुना फोन रिसेट करावा. तेव्हा फोन पेशी एकेक करून पुसत बसत नाही. तो किल्ली घडवायला लागणारी सामग्री टाकून देतो, आणि उरलेलं सगळं त्या क्षणी वाचण्यापलीकडे जातं. डिस्प्ले काळाच असेल, तर अँड्रॉइडमध्ये हे काम गूगलच्या फोन शोधण्याच्या सेवेतून दुरूनही करता येतं. ती सोय आधी चालू असावी लागते आणि फोन चार्ज होऊन इंटरनेटवर असावा लागतो, म्हणून सिम काढलं असेल, तर तो वायफायवर असायला हवा.