जंताची गोळी आणि ढोरांचं औषध

मंगरूळपीरच्या एका वस्तीत जंतनाशक दिनाला एका आईने माझा हात धरला. "सिस्टर, हे ढोराचं औषध हाये म्हन्तेत. माह्या लेकराले नोका देऊ."

ऐकलेलं खोटं नव्हतं. अल्बेंडाझोल आणि आयव्हरमेक्टिन दोन्ही आधी जनावरांसाठी निघाली. आयव्हरमेक्टिनच्या मूळ शोधाला २०१५ चे नोबेल मिळाले. मेंढ्यांच्या औषधाला गिऱ्हाईक असते. अनवाणी राबणाऱ्या गरिबाच्या जंतासाठी नवे औषध शोधायला कंपन्या पुढे येत नाहीत. म्हणून जुनीच औषधे जोडून उपाय निघतात. हत्तीरोगासाठी नागपूर जिल्ह्यात २०१९ मध्ये या दोन्हींसोबत डीईसी देणे सुरू झाले. चाबूककृमीवर एकटे अल्बेंडाझोल कमी पडते. आफ्रिकेतील चाचणीत दोन्ही औषधांच्या एकत्र गोळीने जास्त गुण आला.

मी त्या माउलीला सांगितले, ही गोळी माणसाच्या मापाची आहे. दोन वर्षांवरील मुलाला ४०० मिलिग्रॅमची एक, एक ते दोन वर्षांच्या बाळाला अर्धी, कुटून पाण्यातून. मोठ्यांनी चावून खावी. मूल आजारी असेल तर त्या दिवशी देऊ नये.

गोळी पोटातले जंत मारते, मातीतली अंडी तशीच राहतात. म्हणून मुलांना चप्पल घाला, हात साबणाने धुवा आणि वस्तीतल्या संडासासाठी ग्रामसभेत अर्ज द्या.